बदलांच्या यादीत न आलेली ओळ

गोंदियाला जिल्हा कचेरीच्या फाटकाबाहेर, झेरॉक्सच्या दुकानाला लागून, माझे टेबल गेली सव्वीस वर्षे आहे. मी अर्ज लिहितो. शिक्षण नववीपर्यंत झाले. दहावीची पुस्तके विकत घेतली होती, वर्ग मात्र पाहिला नाही. तरीही या फाटकातून आत जाऊन निकाली निघालेल्या पुष्कळ अर्जांची भाषा माझी आहे, हे मी फुशारकी म्हणून नव्हे, वस्तुस्थिती म्हणून नमूद करतो. एका नायब तहसीलदाराने एकदा नुसता कागद पाहून तो कोणाच्या हातचा आहे हे ओळखले होते.

अर्जाचा जीव विषयाच्या ओळीत असतो. मजकूर सहसा कोणी वाचत नाही. आवक लिपिक विषय वाचतो, तेवढाच नोंदवहीत उतरवतो, आणि कागद कोणत्या टेबलावर जायचा ते त्या एका ओळीवरून ठरते. ‘तक्रार’ असे लिहिले की चौकशी लागते आणि चौकशीत वर्ष निघून जाते. ‘किरकोळ दुरुस्ती होणेबाबत’ असे लिहिले की कागद खालच्या खाली मंजूर होतो. म्हणून सातबाऱ्यावर एखाद्याच्या बापाचे नाव एका अक्षराने चुकलेले असो की वारसाची अख्खी नोंदच गळालेली असो, मी विषयात ‘किरकोळ’ हाच शब्द घालत आलो. शेजारच्या टेबलावरचा टायपिस्ट मला चिडवायचा, “वकीलसाब, आपके यहाँ तो खून भी किरकोळ में निकल जाए.” मी हसत असे. लोकांची कामे होत होती.

घरी मी आणि माझी मुलगी, दोघेच. तिची आई ती पाचवीत असताना गेली. आम्ही मूळचे दवनीवाड्याचे. तिच्या शिक्षणासाठी गोंदियात खोली केली, ती कायमची झाली. मुलगी संगणकाची पदवी घेऊन नागपूरच्या एका लहानशा कंपनीत लागली आणि घरूनच काम करू लागली. ती कंपनी दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर तयार करते. मुलीकडे जे काम होते ते आमच्याच जिल्ह्यातल्या, एका संस्थेने चालवलेल्या, सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या दवाखान्याचे होते. जंगलपट्ट्यातल्या गावांतून तेथे रुग्ण येतात. दर महिन्याला तपासणी करून गोळ्या न्याव्या लागतात, आणि तारीख जवळ आली की रुग्णाच्या मोबाईलवर निरोप जातो. तो निरोप पाठवणे हे त्या सॉफ्टवेअरचे एक काम.

तिचा व्यवहार समजून घेण्यात मला रस होता, कारण तोही शेवटी लिखापढीचाच होता. ती सांगे की सॉफ्टवेअरमध्ये केलेला प्रत्येक बदल जतन करताना सोबत एक ओळ लिहावी लागते: काय बदलले आणि कशासाठी. त्याला ते कमिटचा मेसेज म्हणतात. या सगळ्या ओळी कायमच्या साठून राहतात. कोणी कधी काय केले ते वर्षांनीही काढून पाहता येते. पूर्वी महिनाअखेरीस त्यांच्यातला एक वरिष्ठ त्या ओळी वाचून दवाखान्यासाठी बदलांची यादी हाताने तयार करीत असे. मग कंपनीने ते काम यंत्रावर टाकले. ओळीच्या सुरुवातीला एक ठरीव शब्द लिहायचा: नवीन सोय, दुरुस्ती किंवा किरकोळ. यंत्र नवीन सोयी आणि दुरुस्त्या उचलते, त्यांचे मराठी करते आणि यादी आपोआप पाठवून देते. किरकोळ ओळी यादीत घेत नाही. दवाखान्यातली सिस्टर ती यादी छापून भिंतीवर लावी आणि त्याप्रमाणे काम करी.

“म्हणजे तुमचीही आवक-जावकच,” मी म्हणालो होतो. “लिपिकाच्या जागी यंत्र.”

“लिपिक निदान चष्मा लावून बघतो, बाबा. हे फक्त पहिला शब्द बघतं.”

तिला विषय लिहायला मीच शिकवले. शाळेतला रजेचा अर्ज मी कधी आयता लिहून दिला नाही. तिच्याकडून लिहवून घेतला आणि खोडून पुन्हा लिहवला. तिच्या वरिष्ठाने एकदा तिच्या ओळी नेटक्या असतात असे म्हटले, तेव्हा ते श्रेय मी मनातल्या मनात स्वतःकडे घेतले होते.

दिवाळीनंतरची गोष्ट. धानाची कापणी चालू होती. दुपारी जेवताना ती ताटासमोर विचार करीत बसली होती. काय अडले म्हणून मी विचारले. ती म्हणाली की काही क्रमांकांवर निरोप जातच नाहीत. यंत्र दिवसातून तीनदा पाठवून पाहते, तिन्ही वेळा परत येतो. असे क्रमांक यादीतून काढून टाका, असे कंपनीने सांगितले आहे. बदल तिने केला होता. त्याला कोणता शब्द लावायचा एवढेच राहिले होते.

“नवीन सोय म्हटलं तर दवाखान्याची लेखी संमती लागते. दुरुस्ती म्हटलं तर सर तपासतात, शंका काढतात. आज संपवायचं आहे.”

“आणि किरकोळ म्हटलं तर?”

“तर कोणी विचारत नाही.”

“मग विचारतेस काय? किरकोळ लिही. विषय मोठा केलास की टेबलं वाढतात.”

तिने मान हलवली, उष्टा हात धुतला आणि आतल्या खोलीत जाऊन ती ओळ लिहिली: किरकोळ, निरुपयोगी क्रमांक वगळले. मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला. त्या दिवशीचे जेवण मला अजून आठवते, याचे कारण पुढे आहे.

पुढच्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा हंगाम सुरू असताना एक माणूस माझ्या टेबलाशी आला. वय माझ्याच आसपास. देवरीकडच्या जंगलातले गाव, कोहमाऱ्याला गाडी बदलून आलेला. तेंदूच्या पानांचा काळपट डाग बोटांवर तसाच होता. त्याने खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल काढला आणि टेबलावर ठेवला.

“अर्ज लिवाचा हाय जी.”

“कशाबाबत?”

“निरोप काऊन नाही आला, त्याबाबत.”

मी त्याला बसवले. तो हळूहळू सांगू लागला. त्याच्या मुलीला सिकलसेल होता. एकोणीस वर्षांची. दर महिन्याला मोबाईलवर निरोप येई आणि तो तिला घेऊन दवाखान्यात जाई. कधी मोबाईल बंद असला, कधी टॉवर लागला नाही, तर दवाखान्यातल्या सिस्टर गावच्या आशा सेविकेच्या हाती चिठ्ठी पाठवीत. मग दिवाळीनंतर निरोप थांबला. चिठ्ठीही थांबली.

“मग तुम्ही स्वतः का नाही गेलात?” मी विचारले. हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो. समोरचा पक्ष तोच विचारणार असतो.

त्याने मोबाईल पिशवीसकट जवळ ओढला.

“मले वाटलं, पोट्टी बरी झाली. आता नाही बोलवून राहिले, म्हंजे आता गरज नाही. तिलेबी तेच वाटलं. खुश झाली होती जी. गोळ्या सरल्या तं सरल्या. चार महिने काही नाही. मंग चैतात एकाएकी अंग दुखाले लागलं, छाती भरली. गाडी मिळाली तवापर्यंत…” त्याने हाताने पुढचे सांगितले.

“भरपाईसाठी अर्ज करायचा आहे का?”

“नोको. मले पैसे कायले? मले येवढं कागदावर पाहिजे, का त्याईनंच बोलवणं बंद केलं, का मीच नाही नेली. तिची माय माझ्यासंग बोलत नाही. म्हणते, तूच घरी बसवली तिले. मी का सांगू तिले? मलेच माहीत नाही.”

मी दवाखान्याचे नाव विचारले. त्याने सांगितले. मी त्याचा मोबाईल हातात घेतला, निरोप उघडले, शेवटच्या निरोपाची तारीख पाहिली. मग मी म्हणालो की असा अर्ज घाईने लिहिता येत नाही, सोमवारी यावे. सव्वीस वर्षांत मी कोणाला अर्जासाठी दुसऱ्या दिवशी बोलावले नव्हते. शेजारच्या टायपिस्टने मान वर करून पाहिले.

घरी जाऊन मी मुलीला विचारले. ती लगेच संगणकासमोर बसली आणि साठलेल्या ओळी एकेक करून मागे नेऊ लागली. मी तिच्या खुर्चीमागे उभा होतो. दिवाळीनंतरची ती ओळ सापडली. तिने त्या बदलाच्या आत काय आहे ते उघडले, आणि खुर्ची माझ्याकडे वळवली.

तिने मला समजावले ते असे. ज्यांना निरोप पोहोचत नाही त्यांची नावे पूर्वी सिस्टरच्या पडद्यावर लाल अक्षरांत दिसत. ती नावे पाहूनच सिस्टर चिठ्ठ्या पाठवीत. मुलीने क्रमांक काढून टाकल्यावर निरोप पाठवायचा प्रयत्नच थांबला, आणि प्रयत्न नाही म्हणून लाल नावेही नाहीत. सिस्टरचा पडदा रिकामा झाला. त्यांना वाटले असेल की आता सगळ्यांना निरोप जात आहेत. बदलांच्या यादीत ती ओळ आली असती तर त्यांनी त्याच दिवशी फोन करून विचारले असते. त्या महिन्याची यादी तिने उघडून दाखवली. छपाईचे अक्षर मोठे केले, तारखेचा रकाना दुरुस्त केला, असे काही होते. ही ओळ नव्हती.

“मी तपासलं नाही, बाबा. जंगलात फोन लागत नाही म्हणजे तो नंबर मेलेला नसतो, हे मला माहीत होतं. आपण दवनीवाड्याला जातो तेव्हा आपलाही लागत नाही.”

तिने त्याच संध्याकाळी काढलेले सगळे क्रमांक परत घातले. नावे पडद्यावर खाली सरकत होती आणि बराच वेळ सरकत राहिली. मी ती मोजली नाहीत. मग ती म्हणाली, “आता कंपनीला कळवते. दवाखान्यालाही.”

मी तिला थांबवले. येथे मला कोणताही आडपडदा ठेवायचा नाही. मी म्हणालो की दुरुस्ती झाली आहे, गेलेला जीव परत येत नाही, आणि आपण होऊन लिहून दिलेला कबुलीजबाब हा या जगातला सर्वांत धोक्याचा कागद असतो. अर्ज येऊ दे, उत्तर जाऊ दे, मग पाहू. लहानपणापासून कागदाच्या बाबतीत तिने माझे ऐकले होते. त्या दिवशीही ऐकले.

सोमवारी तो माणूस आला. मी दवाखान्याच्या नावे अर्ज तयार ठेवला होता. विषय लिहिला होता, ‘मोबाईल संदेशसेवेबाबत माहिती मिळणेबाबत’. ‘मृत्यू’ हा शब्द विषयात नव्हता, ‘तक्रार’ नव्हता, ‘चूक’ नव्हता. चौथ्या परिच्छेदात ‘दरम्यानच्या काळात कुटुंबात घडलेली दुःखद घटना’ असा उल्लेख होता. ग्रामीण भागातील नेटवर्कच्या अडचणींची अर्जदारास जाणीव आहे, असे एक वाक्यही मी त्याच्या तोंडी घातले होते. सुबक अर्ज होता. असा कागद माहितीच्या फायलीत जातो आणि त्याला छापील उत्तर मिळते, हे मला पक्के ठाऊक होते.

मी तो वाचून दाखवला. त्याने शांतपणे ऐकला.

“यात माझी पोट्टी मेली, हे कुठं हाय जी?”

“आहे. आत आहे. कचेरीच्या भाषेत आहे.”

“बरं. तुमाले समजते.”

त्याने वळणदार, शाळकरी अक्षरात सही केली. मी त्याच्याकडून काही घेतले नाही. त्याला ते माझे चांगुलपण वाटले आणि त्याने हात जोडले. त्या जोडलेल्या हातांकडे मी पाहू शकलो नाही. खोटे कशाला सांगू, मी झेरॉक्सवाल्याला विनाकारण हाक मारली.

तीन आठवडे घरात आम्ही कामापुरते बोललो. मुलगी जेवताना मोबाईल पालथा ठेवी. एकदा तिने विचारले, “तो माणूस पुन्हा आला का?” मी नाही म्हणालो. तिने ताट तसेच उचलून ठेवले.

मग तो आला. दवाखान्याचे पत्र घेऊन. गावात वाचून घेतले नव्हते. ज्याने अर्ज लिहिला त्यानेच उत्तर वाचावे, असे त्याला वाटले. पाकीट फोडले होते, पण कागद नीट घडी करून परत आत घातला होता.

मी वाचू लागलो. आपल्या अर्जाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की, आपण नमूद केलेल्या कालावधीत प्रणालीत झालेल्या सर्व बदलांची यादी सोबत जोडली आहे. सदर यादीचे अवलोकन केले असता संदेशसेवेत कोणताही बदल झाल्याचे दिसून येत नाही. सबब, संदेश प्राप्त न होण्याचे कारण आपल्या स्तरावरील असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

खाली यंत्राने केलेली यादी होती. मी तीही वाचली, कारण त्याने वाचा म्हटले. छपाईचे अक्षर, तारखेचा रकाना, नावांचा शोध जलद झाल्याची नोंद. सहा महिन्यांची यादी दोन पानांत होती. एकही ओळ खोटी नव्हती.

वाचून झाल्यावर त्याने विचारले, “आपल्या स्तरावरील म्हंजे?”

मी यादीची दोन पाने पुन्हा पत्रामागे लावली.

“म्हंजे आमच्याकडून,” तोच म्हणाला. “म्हंजे माझीच चूक हाय. निरोप जाऊन राहिला होता. मीच नाही पाहिला.” त्याने मोबाईलची पिशवी खिशातून काढली, पुन्हा ठेवली. “तिची माय खरंच सांगून राहिली होती तं.”

तो उठला. तो काही न विचारता तसाच निघून गेला असता तर मी काय केले असते, हे मला माहीत नाही. मला स्वतःविषयी जे वाटते ते मी येथे लिहिणार नाही, कारण ते खरे असेलच असे नाही. तो बसस्थानकाचा रस्ता कोणता म्हणून विचारू लागला, आणि मी त्याचा दंड धरला.

“बसा. चूक तुमची नाही. निरोप बंद केला होता. कोणी केला ते मला माहीत आहे.”

“कोण?”

“माझ्या मुलीनं. आणि तो लपेल असा शब्द मी सुचवला. तुमचा अर्जही मीच असा लिहिला की त्याचं हेच उत्तर यावं.”

शेजारचे टायपिंग थांबले. तो माणूस माझ्याकडे वळला. तो मारेल असे मला वाटले, आणि मारावे असेही वाटले.

“ते पोट्टी कुठं हाय?”

“घरी.”

“चल.”

इतका वेळ त्याने मला ‘तुम्ही’ म्हटले होते. आम्ही चालत गेलो, रेल्वेचा पूल ओलांडून, अर्धा तास.

मुलीने दार उघडले. मी काही सांगण्याआधीच तिला कळले. तिने त्याला संगणकापाशी खुर्ची दिली. तो उभाच राहिला. तिने ती ओळ उघडली. त्याने बोट कुठे ठेवायचे ते विचारले, आणि तिने दाखवले तेथे त्याने ते काळपट बोट काचेवर ठेवले.

“हे येवढं?”

“एवढंच, काका.”

“हे तू लिवलं?”

“मी लिहिलं. किरकोळ म्हणून लिहिलं. म्हणून ते यादीत गेलं नाही, म्हणून सिस्टरला कळलं नाही, म्हणून चिठ्ठी आली नाही. तुम्ही काही चुकवलं नाही.”

“माणूस मेल्यावरबी ते किरकोळच लिवलेलं राहते?”

“राहतं. ते खोडता येत नाही.”

तो खाली जमिनीवर बसला. मुलगीही त्याच्यासमोर बसली. ती रडू लागली तेव्हा तो म्हणाला, “रडू नोको. तू रडली तं मले तुलेच पाहा लागते. मी तुले पाहाले नाही आलो.” ती थांबली. मी पाणी आणले. त्याने घेतले नाही.

“मले कागदावर लिवून दे,” तो तिला म्हणाला. “तुझ्या हातानं. तिच्या मायले समजन असं. गावात मास्तरीन हाय, ते वाचून दाखवन.”

मी सवयीने कागद पुढे केला आणि म्हणालो, “वर आधी विषय…” मुलीने माझ्याकडे पाहिले. मी बाहेर जाऊन उभा राहिलो.

तिने काय लिहिले ते मी वाचलेले नाही. एक पान होते, पाठपोट. त्याने ते घडी करून मोबाईलच्या पिशवीत घातले, पिशवीला रबर लावला, आणि कोहमाऱ्याची शेवटची गाडी किती वाजता आहे एवढेच मला विचारले. मी सांगितले. सोबत येतो म्हणालो, तर त्याने हाताने नको म्हटले.

त्याच संध्याकाळी मुलीने कंपनीला आणि दवाखान्याला सगळे कळवले. तिच्याकडून ते काम काढून घेतले गेले आणि पुढच्या महिन्यापासून नोकरीही राहिली नाही. यंत्राची रीत मात्र बदललेली नाही, असे ती सांगते. शब्द पाहून ते आजही यादी करते. दवाखान्याने त्या माणसाला दुसरे पत्र पाठवले की नाही, मला समजलेले नाही. तो पुन्हा माझ्या टेबलाशी आला नाही. त्याची बायको त्याच्याशी बोलू लागली का, हेही मला ठाऊक नाही, आणि ते विचारायला त्याच्या गावी जाण्याचा अधिकार मला आहे असे वाटत नाही.